अराकूची काचेची गाडी: आमची कशी फसवणूक झाली

विशाखापट्टणमला जाणार असाल, त्यातून घरची वडीलधारी माणसं सोबत असतील, तर हे जरूर वाचा.

ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण गेलो होतो. आई 74 वर्षांची. समुद्र, कैलासगिरी, सिंहाचलम हे सगळं आमच्यासाठी. तिला हवी होती फक्त घाटावरच्या अराकूला जाणारी विस्टाडोमची, म्हणजे काचेच्या छताच्या डब्याची गाडी. हा कोत्तवलसा-किरंदुल मार्ग बैलाडिल्याचं लोहखनिज बंदरावर आणण्यासाठी बांधलेला. पूर्व घाट चढताना वाटेत 50हून जास्त बोगदे लागतात. काचेच्या छताखाली बसून ते बघायचे, म्हणून तिने पिशवीत शालसुद्धा वेगळी काढून ठेवली होती.

आमची तिकिटं काढायची राहिली होती. हॉटेलजवळच्या एका टूरवाल्याने दोन दिवसांचं पॅकेज सांगितलं: रविवारी विस्टाडोमने अराकू, येताना बोर्रा गुहा, सोमवारी शहर आणि कुरसुरा पाणबुडीचं संग्रहालय. माणूस बोलायला गोड, आईला ‘अम्मा’ म्हणत खुर्ची पुढे केली. पाच जणांचे 16,500 रुपये. मी 10,000 यूपीआयने आगाऊ दिले. पैसे गेले एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात, ऑफिसच्या नावावर नाही. ते मला दिसलं होतं, तरी मी विचारलं नाही. तिकिटाच्या जागी त्याने छापील कागद दिला. त्यावर ‘विस्टाडोम - 5’ आणि शेजारी पेनाने ‘सीट नंबर नंतर’.

रविवारी पहाटे फोन आला: घाटात दरड कोसळली, गाडी रद्द, जीप पाठवतोय, फरकाचे पैसे परत देतो. पावसात त्या मार्गावर दरडी कोसळतातच, त्यामुळे शंका आली नाही. आई गप्पच बसली. घाटातल्या वळणांनी तिला दोनदा उलटी झाली.

अराकूत आदिवासी संग्रहालय घाईघाईने उरकलं आणि कॉफीच्या एका दुकानात मात्र पाऊण तास घालवला. ड्रायव्हरचं तिथे कमिशन असणार, हे त्याच्या आग्रहावरूनच कळत होतं.

दुपारी बोर्राला पोचलो. प्रवेश पॅकेजमध्ये धरलेला होता, तरी तिकिटं आम्हालाच काढावी लागली. गुहा मात्र खरोखर बघण्यासारखी आहे, चुनखडीचे खांब थेंबाथेंबाने वाढलेले. गाईड वर बोट दाखवून म्हणाला, ‘‘साब, ऊपर से ट्रेन जाता है.’’ मी म्हटलं, आज तर बंद आहे ना? तो म्हणाला, ‘‘नहीं साब, सुबह गया. अभी वापस आएगा.’’

आम्ही बोर्रा गुहालू स्टेशनवर गेलो. थोड्या वेळाने परतीची गाडी आली, काचेच्या डब्यासकट. आत एक लहान मुलगी काचेला नाक लावून बसली होती. आईने तिला हात केला. मला त्या क्षणी बोलता येईना.

टूरवाला फोनवर आधी ‘रेल्वेची चूक’ म्हणाला, मग ‘चार दिवसांत रिफंड’, मग फोन उचलेना. सोमवारी पाणबुडीपाशी गेलो तर फाटक बंद. कुरसुरा दर सोमवारी बंद असते, हे त्याला ठाऊक नसणं शक्यच नाही.

तिकीट कुणीही काढून देवो, पैसे देण्याआधी दहा आकडी पीएनआर मागा आणि त्याच्यासमोरच 139वर किंवा रेल्वेच्या ॲपवर तपासा. प्रत्येकाचं नाव तिकिटावर हवं. पीएनआर नंतर देतो म्हणाला तर पैसेही नंतरच द्या. गाडी रद्द झाल्याचं सांगितलं तरी तेही 139वर विचारता येतं. मी त्या पहाटे एक फोन केला असता तर तिथेच खोटं पकडलं गेलं असतं. आणि पैसे वैयक्तिक खात्यात मागत असेल तर तिथून उठा.

मी ग्राहक हेल्पलाइन 1915वर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची पावती आणि तो पेनाने लिहिलेला कागद, दोन्ही जोडले आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. जानेवारीची तिकिटं मी स्वतः काढणार आहे, आईची खिडकीची.