बंगळुरूतला पाडवा: श्रीखंड-पुरी, घरची पुरणपोळी की विकतची होळिगे?

घरापासून लांब बंगळुरूत राहणाऱ्याला पाडवा तसा सोपा जातो. त्याच दिवशी तिथं उगादी असते, त्यामुळे बहुतेकांना सुट्टी मिळते. कडुनिंब नि आंब्याच्या डहाळ्यांचे ढीग आदल्या संध्याकाळीच गांधी बाजारात, मल्लेश्वरमला लागलेले असतात. प्रश्न उरतो गोडाचा. तो सोडवताना जेवणारी तोंडं नंतर मोजा, आधी स्वयंपाकाला हात किती आहेत ते बघा.

एकटेच असाल तर माझं मत श्रीखंड-पुरीला. निम्मं काम आदल्या रात्रीच होतं. किलोभर सायीचं दही मलमलच्या कापडात बांधायचं, चाळणीत ठेवायचं, खाली पातेलं, वर वजन, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. या दिवसांत बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबतं. चक्का मुठीत दाबला तरी पाणी सुटता कामा नये. सुटलं तर आणखी तासभर ठेवा, नाहीतर साखर पडताच श्रीखंड पातळ होतं. साखर चक्क्याच्या पाऊणपट पुरते. दोन्ही एकत्र करून बारीक चाळणीतून घासून काढा, मग दुधात खललेलं केशर, वेलची, थोडं जायफळ. सणाच्या सकाळी पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि वरणभात एवढंच उरतं, दुपारच्या आत नैवेद्य दाखवून होतो.

पुरणपोळीला किमान दोघं हवेत, एक लाटायला, एक भाजायला. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून कट काढा, डाळीइतकाच गूळ घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवा आणि गरम असतानाच वाटा. गार पुरण यंत्रातून उतरत नाही. कणीक सैल भिजवून, तेल लावून दोन तास मुरू द्या. भाड्याच्या घरात बहुधा पातळ नॉनस्टिक तवा असतो, त्यावर पोळी भाजण्याआधीच करपते, म्हणून जाड तवा मागून आणा. एवढं करून हाती येते ती कटाची आमटी, आणि ती दुसऱ्या कुठल्याही मार्गानं मिळत नाही. मित्रमंडळी जमणार असतील तर खुशाल हाच घाट घाला.

सुट्टीच नसेल तर विकतची होळिगे, म्हणजे इकडची पुरण भरलेली गोड पोळी. आदल्या दिवशी दुकानात सांगून ठेवा, सणाला गर्दी असते. इकडं बरेचदा तुरीच्या डाळीचं पुरण नि मैद्याची पारी असते, आणि नारळाचीही होळिगे मिळते. पुरणपोळी समजून खाल्लीत तर चुकल्यासारखं वाटेल. तिची चव तिची म्हणून घ्या, वर तूप भरपूर. शेजारी कानडी कुटुंब असेल तर कटाचं सारू त्यांच्याकडेही होतं. वाटीभर मागायला सणासारखा दिवस नाही!

गोड काहीही ठरवा, कडुनिंबाची चटणी मात्र घरीच वाटा: कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग, मीठ. पाच मिनिटांचं काम आहे.