ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: गुन्ह्यातल्या पीडितांसाठी भरपाईचा अर्ज

ठाण्यात कोर्ट नाक्यावर, जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय आहे. मोफत वकील मिळतो म्हणून लोक ते ओळखतात. पण गुन्ह्यात जखमी झालेल्यांना किंवा मृताच्या घरच्यांना सरकारी निधीतून किती भरपाई द्यायची, हेही इथेच ठरतं. अर्जाला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘आधी केसचा निकाल लागू दे’. तो लागेपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (पूर्वीचं ३५७-अ) स्पष्ट आहे: आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडित स्वतः अर्ज करू शकतो. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आरोपीला होणारा दंड ही वेगळी गोष्ट.

नवी मुंबईकरांनी आधी जिल्हा तपासावा. पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. गुन्हा खारघरला घडला असेल तर अर्ज अलिबागला, रायगडच्या प्राधिकरणाकडे. घर कुठे आहे यापेक्षा गुन्हा कुठे घडला हे पाहा, नाहीतर कागद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत राहतात.

अर्जासोबत एफआयआरची प्रत (ती पीडिताला मोफत मिळते), रुग्णालयाचा जखमेचा दाखला, उपचारांची बिलं, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान जोडा. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर त्याचीही प्रत. मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारस किंवा अवलंबित असल्याचा पुरावा लागतो. कायमचं अपंगत्व आलं असेल तर टक्केवारी लिहिलेलं प्रमाणपत्र हवंच, कारण रक्कम बऱ्याचदा टक्क्यांवर ठरते.

अर्ज अडतो तो मात्र किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर. एफआयआरमध्ये नाव एक, आधारवर दुसरं, खात्यावर तिसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे फार होतं. नावाबद्दलचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडून द्यावं. दुसरी अडचण खात्याची. पूर्ण केवायसी नसलेल्या ‘स्मॉल’ खात्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण एक लाखापर्यंतच जमा होऊ शकतं. मंजूर झालेली रक्कम तिथेच अडकते. अर्ज देण्याआधी बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करून घ्या.

चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावी असं कायदा सांगतो. पोलिसांचा अहवाल वेळेवर आला नाही तर ती लांबते. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि पाठपुरावा करताना तोच क्रमांक सांगा. अंतिम रकमेची वाट पाहत बसू नका. पहिल्याच अर्जात ‘अंतरिम मदत’ असा वेगळा परिच्छेद लिहा. उपचार मात्र भरपाईवर अवलंबून नाहीत: बलात्कार आणि अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांवर सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार करायचे आहेत.

बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, मदत १० लाखांपर्यंत. महिलांसाठीच्या २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं. मंजूर रकमेपैकी साधारण ७५ टक्के ठेवीत जाते, २५ टक्के हातात येते. अल्पवयीन मुलीसाठी ठेव ८० टक्के. घरच्यांनी पूर्ण रक्कम लगेच मिळेल असं गृहीत धरून कर्ज काढू नये.

वाहन अपघाताची प्रकरणं या भरपाईत बसत नाहीत, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

या सेवेतली आमची खरी तक्रार एकच: तिची माहिती पीडितापर्यंत आपोआप पोहोचत नाही. गुन्हा नोंदवतानाच ती हातात पडायला हवी. तोवर १५१०० या हेल्पलाइनवर चौकशी करा. अर्ज नामंजूर झाला तर लेखी आदेशाची प्रत मागा. २०१८ च्या योजनेत राज्य प्राधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात, आणि त्या अपिलाला तो कागद लागतो.