आडवी दांडी की मागचा कान? चाकावरची पहिली चहादाणी ठरवताना

वाट्या आणि कप बऱ्यापैकी जमायला लागले की कुंभाराच्या चाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी चहादाणीची हुक्की येते. मलाही आली. मूठ कुठे लावायची हे मी पोट, झाकण, तोटी सगळं तयार झाल्यावर ठरवायला घेतलं आणि तिथेच फसले. मूठ आधी ठरली पाहिजे, कारण तोटीची जागा, आतली भोकं, झाकणाचं तोंड हे सगळं तिच्यामागून येतं.

मुख्य पर्याय दोन. एक, क्यूसू या जपानी चहादाणीसारखी आडवी पोकळ दांडी, तोटीशी साधारण काटकोनात. जपानमधलं तोकोनामे गाव अशा लाल मातीच्या चहादाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरा, तोटीच्या बरोबर समोर मागे लावलेला कान, आपल्या ओळखीचा.

निवड करण्याआधी स्वतःच्या ओट्याकडे बघा. आपल्याकडे पाणी, साखर, आलं, गवती चहा पातेल्यात उकळतात, मग पावडर, मग दूध, आणि चहा गाळूनच पुढे जातो. म्हणजे चहादाणीत पडतो तो झालेला चहा. आडव्या दांडीच्या चहादाणीत तोटीच्या मुळाशी मातीचीच चाळणी असते. ती अख्ख्या पानांसाठी. आपली सीटीसी (दाणेदार) पावडर थेट चहादाणीत टाकायची म्हटली, तर ती म्हणजे बारीक दाणे. भोकं तीन मिलिमीटरची केली तर दाणे सरळ कपात येतात आणि दोनची केली तर ग्लेझने, म्हणजे भट्टीत काचेसारख्या होणाऱ्या लेपाने, बुजतात. वरून दुधाची साय. मी पहिल्याच चहादाणीला हौसेने एकवीस भोकं पाडली होती. चार दिवसांनी टाचणीने भोकं कोरत बसले तेव्हा कळलं की ही चाळणी आपल्या चहाची नाही.

तेव्हा दुधाचा चहा पिणाऱ्यांनी मागचा कान घ्यावा. तोटीच्या मागे बोट जाईल एवढं एकच मोठं भोक, तोंड इतकं रुंद की हात घालून घासता येईल, आणि आतून ग्लेझ. बिनदुधाचा गवती चहा किंवा पानांचा हिरवा चहा पिणाऱ्यांसाठी आडवी दांडी चांगली. एका हातात मावते, अंगठा झाकणावर राहतो आणि शेवटचा थेंबही निघतो.

करायला कोणती सोपी? इथे माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. दिसायला परकी असली तरी आडवी दांडी सोपी. ती चाकावरच एका छोट्या नळीसारखी निघते, चार बोटं लांब, टोकाला उघडी. पोट आणि दांडी दोन्ही सारखीच ओली असताना जोडली की सहसा बिघडत नाही, शिवाय पोकळ असल्यामुळे हाताला चटका बसत नाही. मागचा कान मात्र ओल्या हाताने मातीचा गोळा ओढून लांबवायचा असतो. तो पोटापेक्षा बारीक, म्हणून लवकर वाळतो, आकसतो आणि जोडावर तडकतो. नाशिकच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तर दुपारपर्यंत कान कडक आणि पोट अजून ओलसर अशी गत होते. तेव्हा कानालाच आधी प्लॅस्टिक गुंडाळायचं, पोट उघडं ठेवायचं. पावसाळ्यात घाई नसते. पहिला कान जुलैत लावा, असा माझा प्रामाणिक सल्ला.

आडव्या दांडीचा तोटा वजनाचा. तीनशे मिलिलिटरपर्यंत ठीक. पाहुणे आले म्हणून पाऊण लिटरची केली तर सगळा भार मनगटावर येतो. शिवाय ती उजव्या हाताची असते. माझी वहिनी डावखुरी. तिने माझी चहादाणी उचलली तर तोटी उलट्या बाजूला! डावखुऱ्यांसाठी दांडी तोटीच्या दुसऱ्या बाजूला लावावी लागते. मागच्या कानाला हा प्रश्नच नाही.

बाकीचं दोन्हीकडे सारखंच. तोटीचं टोक पोटाच्या काठापेक्षा किंचित वर हवं, नाहीतर चहादाणी भरायच्या आत तोटीतून वाहायला लागते. झाकणाला बारीक भोक हवं. हवा आत आली नाही तर धार अडखळते. पोट आणि झाकण एकाच मातीचं, एकाच बैठकीत करावं आणि झाकण लावूनच वाळवावं. ग्लेझ करताना झाकण जिथे टेकतं ती कड पुसून घ्यायची. मी एकदा विसरले आणि झाकण कायमचं चिकटलं. चाकावर काढलेली तोटी भट्टीत थोडी पीळ सोडते, म्हणून सरळ कापलेलं टोक वाकडं येऊ शकतं. याला उपाय एकच, चार-पाच तोट्या काढायच्या आणि आपल्या मातीचा स्वभाव ओळखायचा.

मातीबद्दल फार विचार करू नका. आपल्याकडची लाल माती हजार अंशांच्या आसपास भाजतात, ती सच्छिद्र राहते आणि दूध आत मुरलं की आंबट वास धरते. ती कुल्हडला ठीक, रोजच्या चहादाणीला नको. स्टोनवेअर नावाची घट्ट भाजणारी माती मिळते, ते बाराशे अंशांच्या वर जातं आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. आपल्या भागातली काळी माती वाळताना फार आकसते, तिच्या वाटेला जाऊ नका. तयार पोत्यातलं स्टोनवेअर घ्या. आणि हे सगळं झेपत नसेल तर भांडी बाजारातली पितळी किटली आहेच, ती तडकत नाही.

मापात मात्र चूक करू नका. स्टोनवेअर साधारण बारा टक्के आकसतं, पण ते लांबीत. आतली जागा जवळपास एक तृतीयांश कमी होते. भट्टीतून तीनशे मिलिलिटरची हवी असेल तर चाकावर साडेचारशेच्या आसपासची काढावी लागते. घरातले रोजचे दोन कप पाण्याने भरून मोजा, येईल त्याची दीडपट करा आणि मगच गोळा तोला. पहिल्या पोटाला अर्धा किलो माती पुरे.