हॉकनींचा नॉर्मंडीतला वसंत

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी २०१९ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ग्रामीण भागातल्या एका जुन्या शेतघरात राहायला गेले आणि पुढच्याच वर्षी, टाळेबंदीमुळे सारे जग घरात अडकले असताना, त्यांनी दाराशी असलेली फळझाडे, तळे आणि कुरणे आयपॅडवर रंगवली. त्यांतली ११६ चित्रे २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत कागदावर छापून मांडली गेली. मी ती भिंतीवर नव्हे, तर पडद्यावर आणि छापील प्रतींत पाहिली आहेत. पण जी चित्रे मुळात पडद्यावरच जन्मली, त्यांच्या बाबतीत ही अडचण मानायची की सोय, हा प्रश्नच आहे.

तळ्यावरच्या पावसाचे चित्र घ्या. पाण्यावर उठणारी वर्तुळे एकमेकांत मिसळण्याआधीच थांबवलेली आहेत आणि पाऊस म्हणजे नुसत्या तिरक्या, उतावळ्या रेघा. तरीही पाणी ओले वाटते, कारण पडद्याचा उजेड रंगाच्या मागून येतो. कागदावर तो उजेड नाहीसा होतो. शिवाय चित्र मोठे केले की मोहोराचे ठिपके शिक्का मारल्यासारखे एकाच घडणीचे असल्याचे उघड होते, आणि तैलरंगाच्या थराने जी खडबड सहज आली असती तिची उणीव भासते. हिरवाही काही ठिकाणी डोळ्यांत खुपतो.

मला खटकली ती आणखी एक गोष्ट म्हणजे या शिवारात माणूस नाही. याच नॉर्मंडीत जन्मलेल्या मिले या फ्रेंच चित्रकाराने १८५७ मध्ये शेतात पडलेली कणसे वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या होत्या. हॉकनींच्या कुरणात मात्र कोणाचीही पाठ वाकत नाही. त्यांनी कष्टाचे गाव दाखवायला हवे होते असे नाही, पण शंभराहून अधिक चित्रांनंतर ही शांतता थोडी सुखवस्तू वाटू लागते.

ही तक्रार विसरायला लावते ते याच काळातल्या चित्रांतून जुळवलेले सुमारे ९० मीटर लांबीचे, वर्षभराचे ऋतू सलग दाखवणारे चित्र, जे २०२१ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात लागले होते. नॉर्मंडीतच असलेल्या बायो येथील सुमारे ७० मीटर लांब मध्ययुगीन भरतपटाची, म्हणजे कापडावर भरतकामाने काढलेल्या चित्रपट्टीची, प्रेरणा त्यामागे आहे. इथे एकेका झाडापाशी थांबावे लागत नाही. उघड्या फांद्या, मोहोर, दाट सावली आणि पानगळ चालता चालता मागे पडत जातात, आणि शिक्क्यासारखे वाटणारे तेच ठिपके लय धरतात. सुट्या चित्रांपैकी काही निवडायची झाली, तर मी पावसाची आणि पानझडी झाडांची निवडेन, आणि तीही आयपॅडएवढ्याच आकारात.