पार्टक्लोन: आठ महिन्यांनंतर

आमच्या डीटीपीच्या मशीनवर सगळ्यात मोलाची आहे ती मांडणी. वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट, त्यांचे कीबोर्ड, प्रिंटरची सेटिंग. विंडोज नव्याने टाकलं की हे पुन्हा बसवायला दोन दिवस जातात. कामाच्या फाइलींचा बॅकअप रोज होतोच. मला अख्ख्या डिस्कची प्रत हवी होती. त्यासाठी आता पार्टक्लोन हे लिनक्सवरचं साधन वापरतो.

सुरुवात मात्र डीडी या लिनक्सच्या साध्या नकल-कमांडने केली. ती डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे छोटा तुकडा, उचलते, रिकामासुद्धा. ५०० जीबीच्या डिस्कवर ९० जीबी सामान असलं तरी इमेज (डिस्कच्या प्रतीची फाइल) ५०० जीबीचीच, आणि वेळ दीड तास. पार्टक्लोन आधी फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवरच्या फाइलींच्या मांडणीत) पाहतं की कोणते ब्लॉक वापरात आहेत, आणि तेवढेच वाचतं. वीस मिनिटांत काम होतं. क्लोनझिला हे मेनूंचं प्रत-साधन आतून हेच वापरतं, पण मला त्याच्या मेनूंपेक्षा स्वतःची चार ओळींची स्क्रिप्ट बरी वाटते.

प्रत घेताना पार्टिशन (डिस्कचा भाग) अनमाउंट, म्हणजे वापरात नसलेलं, हवं, म्हणून लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं. पहिल्याच दिवशी अडलो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही मशीन खऱ्या अर्थाने बंद होत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धवट अवस्थेत राहते आणि पार्टक्लोन ती घेत नाही. ते फीचर आधी बंद करा.

सहाव्या महिन्यात जुनी डिस्क गेली. इमेज हाताशी होती, म्हणून निर्धास्त होतो. नवी एसएसडी आणली ४८० जीबीची, आणि तिथेच घोडं अडलं: लक्ष्य पार्टिशन मूळ पार्टिशनपेक्षा लहान असेल तर पार्टक्लोन रिस्टोअर करत नाही, आत सामान कितीही थोडं असो. ही तपासणी टाळायचा पर्याय आहे, पण मी त्याला हात लावला नाही. शेजारच्या दुकानातून १ टीबीची डिस्क मागून आणली, इमेज तिच्यावर उतरवली आणि एनटीएफएस-रीसाइझ या कमांडने फाइल सिस्टिम आकसली. त्यानंतर विंडोज एकदा सुरू करून त्याची डिस्क-तपासणी पुरी होऊ द्यावी लागते, नाहीतर पार्टक्लोन पुन्हा अडतं. मग नवी इमेज घेऊन एसएसडीवर टाकली. एसएफडिस्क या कमांडने जपलेला पार्टिशनचा आराखडाही जसाच्या तसा चालला नाही. त्यातली ‘लास्ट-एलबीए’ची (डिस्कच्या शेवटच्या वापरण्याजोग्या सेक्टरची) ओळ काढून आकार हाताने बदलला. संध्याकाळी मशीन सुरू झालं तेव्हा सगळे फॉन्ट जागच्या जागी होते. इतकं हायसं क्वचितच वाटलं असेल.

उणिवा खऱ्या आहेत. इमेजमधून एकच फाइल सहज काढता येत नाही, आणि दर वेळी पूर्ण प्रत घ्यावी लागते, फक्त बदललेलं उचलत नाही. रोजच्या फाइलींसाठी हे साधन नव्हेच. मी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी इमेज घेतो आणि लगेच ती शाबूत आहे का हे पाहणारी चेक-इमेजची कमांड चालवतो. एसएसडीवरचं विंडोजचं पार्टिशन आता मुद्दाम ४०० जीबीचंच ठेवलंय.