बोड सॉल्टरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बोड सॉल्टरी हातात घेतल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच मला एक सोपी चाल काढता आली. तीच चाल मन लावून ऐकावीशी वाटायला मात्र चार महिने लागले. आज आठ महिने झालेत, आणि हे वाद्य घेण्याचा विचार करणाऱ्यांना मला मुख्यतः त्या चार महिन्यांबद्दल सांगायचं आहे.

आधी वाद्याची ओळख. बोड सॉल्टरी म्हणजे गजाने वाजवायची सॉल्टरी. (उच्चार सॉल्टरी असाच, स्पेलिंगमधला पहिला 'पी' मुका आहे.) ही एक लांबट, त्रिकोणी, पोकळ लाकडी पेटी. रुंद बाजूला खुंट्या असतात. तिथून पोलादी तारा निघतात, घोडीवरून (तारा उचलून धरणाऱ्या पट्टीवरून) जातात आणि दोन्ही तिरप्या कडांवर रोवलेल्या पिनांना अडकतात. टोकापर्यंत जाणारी मधली तार सगळ्यांत लांब, म्हणून सगळ्यांत खालच्या सुराची. कडांकडे यावं तशा तारा आखूड होतात आणि सूर चढत जातो. एका तारेचा एकच सूर. बोटाने तार दाबायची नाही. दोन पिनांच्या मधल्या फटीत गज (व्हायोलिनला असते तशी केस ताणलेली काठी) टेकवायचा आणि ओढायचा.

विक्रेते हिला बरेचदा मध्ययुगीन वाद्य म्हणून दाखवतात. मध्ययुगीन युरोपातली सॉल्टरी खरीच, पण ती छेडून वाजवायची. गजाची सॉल्टरी विसाव्या शतकातली. 1925 साली जर्मनीत क्लेमेन्स नॉयबर या कंपनीला अशा वाद्याचं पेटंट मिळालं; त्यात गजाने वाजवायच्या तारांसोबत साथीला छेडायच्या तारांचे गटही होते. आजचा साधा त्रिकोणी प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर रुजला, आणि त्यात जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातले प्राथमिक शिक्षक वाल्टर मिटमान यांचा मोठा वाटा होता. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला हे वाद्य का आवडलं असेल ते वाजवताना लगेच समजतं. डोळ्यांसमोर प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते आणि त्या जागेवरून सूर चुकू शकत नाही, अर्थात तार सुरात असेल तर. या 'असेल तर'मध्येच माझे ते चार महिने गेले.

निवडताना मी तारांची संख्या सगळ्यांत आधी पाहिली, आणि तो निर्णय योग्य ठरला. 15 तारांच्या सॉल्टरीत दोन सप्तकं असतात, पण फक्त शुद्ध सुरांची. 25 तारांच्या सॉल्टरीत त्याच दोन सप्तकांतले बाराही सूर मिळतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकला (पेटीच्या त्या पट्टीला, म्हणजे पाश्चात्य 'सी'ला) सा धरला की उजव्या कडेला सगळे शुद्ध सूर येतात आणि डाव्या कडेला कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. त्यामुळे भूप राग वाजवताना गज एकाच कडेने चालतो. मालकंसात पाचांपैकी तीन सूर पलीकडच्या कडेला असतात आणि हात सारखा इकडून तिकडे जातो. ज्यांना फक्त सोप्या चाली वाजवायच्या आहेत त्यांना 15 तारा पुरतील. बाकी कुणालाही मी 25च सुचवेन.

दुसरी गोष्ट पिनांमधलं अंतर. फट अरुंद असेल तर नवशिक्याचा गज शेजारच्या पिनेवर आपटतो आणि टक्‌ असा आवाज येतो. माझ्या वाद्यातल्या फटी बऱ्या आहेत, तरी पहिला महिनाभर टकटक होतच होती. तिसरी गोष्ट खुंट्यांची घट्ट बसण. किल्ली लावून खुंटी थोडी फिरवा आणि हात काढा. ती मागे सरकत असेल तर ते वाद्य घेऊ नका. लाकडावरचं कोरीवकाम, रंग, मधल्या भोकाची नक्षी याकडे मी आता मुळीच पाहणार नाही. त्याऐवजी सगळ्यांत खालची आणि सगळ्यांत वरची तार वाजवून बघेन. मधल्या तारा बहुतेक वाद्यांत बऱ्या वाजतात. खरा फरक दोन टोकांना कळतो.

सोबत आलेला गज पहिल्या दिवशी वाजेचना. तारेवरून नुसता घसरायचा. वाद्यात दोष आहे असं वाटून मी ते परत पाठवायच्या बेतात होते. नव्या केसांना राळच (केसांनी तार पकडावी म्हणून घासायचा चिकट पदार्थ) लागलेली नव्हती, एवढंच कारण होतं. कोऱ्या गजाला राळ लावायची म्हणजे दोनचार हात फिरवून भागत नाही. बराच वेळ, केसांच्या पूर्ण लांबीवर घासत राहावं लागतं. पुढे रोज थोडीशी पुरते. माझा पहिला गज धनुष्यासारखा वाकलेला होता. तीन महिन्यांनी मी स्क्रूने केस ताणता येतील असा, व्हायोलिनच्या धर्तीचा छोटा गज घेतला. त्याने आवाज अधिक सारखा येतो. वाजवून झालं की स्क्रू सैल करायचा, नाहीतर काठी वाकते.

गज दाबायचा नाही हे पहिल्या धड्यातच सांगतात, पण हाताला ते उशिरा पटतं. खालच्या लांब तारांना बोलायला क्षणभर वेळ लागतो. गज संथपणे, पूर्ण ओढावा लागतो. वरच्या आखूड तारा उलट जरा जोर पडला की किंचाळतात. मी रोज एकेका तारेवर दहा लांब गज असा सराव केला. महिन्याभराने वरच्या सप्तकातला खरखरीतपणा गेला. तारांना बोटं मात्र लावायची नाहीत. जिथे गज फिरतो तिथे बोटाचा तेलकटपणा लागला की गज तार पकडत नाही. वाजवून झाल्यावर राळेची पूड कोरड्या कापडाने पुसायची.

आता सूर लावण्याबद्दल. नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पहिले काही आठवडे 25 तारा रोज लावाव्या लागल्या. एका टोकापासून लावत गेलं की शेवटच्या तारेपर्यंत पोहोचेतो पहिल्या तारा उतरलेल्या असतात, कारण एकूण ताण वाढला की पेटी किंचित दबते. दोन फेऱ्या कराव्याच लागतात. किल्ली फिरवायची ती इतकी हलकी की फिरली की नाही अशी शंका यावी.

दुसऱ्या महिन्यात मी एक तार तोडली. ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) सूर थोडा कमी दिसत होता, मी किल्ली फिरवत होते आणि काटा हलत नव्हता, म्हणून अजून फिरवली. किल्ली शेजारच्या खुंटीवर होती. तार सपकन तुटली आणि मनगटाला लागली. चेहरा वाद्यावर झुकवलेला नव्हता म्हणून डोळा वाचला. तेव्हापासून किल्ली लावली की आधी ती तार नखाने छेडते, सूर हलतो आहे हे ऐकते आणि मगच पुढे फिरवते. खुंट्या दोन-तीन रांगांत दाटीने असतात, त्यामुळे ही चूक कुणाचीही होऊ शकते. प्रत्येक खुंटीशी सुराचं नाव लिहिणं हा उपाय मला आधी सुचायला हवा होता.

इतकं करूनही चाल गोड लागत नव्हती. प्रत्येक तार ट्यूनरप्रमाणे बरोबर, आणि तरी काहीतरी खुपत होतं. कारण सापडलं ते आस, म्हणजे सुराची मागे राहणारी गुंज, ऐकताना. या वाद्यात तार थांबवणारं काही नाही. गज उचलला तरी सूर कितीतरी वेळ गुंजत राहतो. सा वाजवून ग वाजवला की दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि त्यांच्यात एक थरथर होती. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. त्या मोजणीतला शुद्ध गंधार साशी नैसर्गिकरीत्या जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. एरवी कानाला हा फरक सोसवतो, पण इथे सा मागे वाजतच असतो. मी ट्यूनर बाजूला ठेवला, सा ओढून सोडला आणि त्यावर गंधार हळूहळू उतरवत नेला. थरथर मंदावली आणि एका जागी थांबली. मग धैवत आणि निषाद तसेच उतरवले. त्या संध्याकाळी तीच पहिल्या दिवसाची चाल वाजवली आणि मी ती पुन्हा पुन्हा वाजवत बसले.

याची किंमत आहेच. सा बदलला की ही जुळणी मोडते. इतरांबरोबर वाजवायचं तर मी पुन्हा ट्यूनरप्रमाणे लावते. एकटी असताना सगळं पांढरी एकमध्ये, कानाने लावलेलं.

आस हेच वाद्याचं वैभव आणि मर्यादाही. संथ चाली, लांब श्वासाचे आलाप यांना ते फार शोभतं. दुगुनीत सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. डाव्या तळव्याने तारा हलकेच झाकल्या तर थोडं सावरतं. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) येत नाही, गमक (सूर आंदोलित करणं) येत नाही. ज्यांचा जीव त्यातच आहे त्यांनी सारंगी किंवा दिलरुब्याकडे जावं. ज्यांना गजाचा आवाज हवा आहे पण बोटाने सुराची जागा शोधण्यात वर्षं घालवता येणार नाहीत, त्यांना मी हे वाद्य मनापासून सुचवते.

गेल्या महिन्यापासून दोन गज घेऊन शिकते आहे: वाद्य समोर टेबलावर, उजवा हात शुद्ध सुरांना, डावा कोमल सुरांना. डाव्या हाताला गज ओढायला पहिल्यापासून शिकवावं लागतंय, म्हणून पुन्हा एकेका तारेवर दहा लांब गज चालू आहेत. मालकंसातला कोमल गंधार आता बरा लागतो. कोमल धैवत अजून किंचाळतो.