रंग लावलेला जुना ट्रॅक्टर आणि पुरात गेलेले कागद

जुने छोटे ट्रॅक्टर आणि टिलर जमवून दुरुस्त करणारे आपल्याकडे मोजकेच आहेत, आणि गेल्या काही महिन्यांत त्यांच्याच भोवती एक माणूस घिरट्या घालतोय. मला त्याने शेंडी लावली. आता तो दुसऱ्यांना फोन करतोय असं कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माल कोणता, ते आधी सांगतो. अमेरिकेत १९६०च्या दशकात बंगल्याच्या आवारात गवत कापायला, बर्फ ढकलायला, छोटी बाग नांगरायला लहान ट्रॅक्टर निघाले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये काढलेला ‘कब कॅडेट’ हा त्यातला मानाचा गडी. केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात बनायचा. अंगाला पिवळा आणि पांढरा रंग, आणि ७ हॉर्सपॉवरचं कोहलर कंपनीचं बिडाचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन. तिकडे त्याचे शौकीन पुष्कळ. आपल्याकडे तो जवळपास कुणी पाहिलेलाच नाही, आणि या फसवणुकीचं सगळं मर्म इथेच आहे. जुना आयशर किंवा शक्ती टिलर खोटा विकायला गेलात तर चिपळूणच्या कुठल्याही गॅरेजातलं पोरगं दोन मिनिटांत सांगेल. कब कॅडेट ताडून बघायचा तर शेजारी दुसरा उभा करायला आणणार कुठून?

माणूस चिपळूणच्या बाजूचा, बोलायला एकदम मधाळ. ‘काका, तुमच्यासारख्या दर्दी माणसाकडेच जावा अशी इच्छा आहे.’ त्याने सांगितलेली गोष्ट अशी: १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, त्या काळात कंपनीने हा एक नमुना इकडे पाठवला, तो अलिबागच्या एका पारशी बंगल्याच्या वाडीत राहिला, आणि मालक वारल्यावर याच्याकडे आला. यातली भागीदारी खरी आहे. आपल्याकडचा बी-२७५ ट्रॅक्टर त्यातूनच आला. खऱ्या गोष्टीला खोटी गोष्ट अशी बेमालूम जोडली की ऐकणारा पहिली तपासतो, ती बरोबर निघते, आणि दुसरीवर आपोआप विश्वास बसतो. (पारशी बंगला मात्र दर वेळी असतोच. जुनं घड्याळ असो, पलंग असो की मोटार, सगळं त्याच एका बंगल्यातून बाहेर पडतं.)

कागद मागितले. म्हणाला, ‘काका, २०२१च्या पुरात सगळं गेलं.’ आता चिपळूणच्या माणसाला यावर पुढे काय विचारणार? २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत किती चढलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या दुकानाची वहीसुद्धा उरली नव्हती. हा माणूस लोकांच्या खऱ्या दुःखाआड लपतो, आणि मला पैशापेक्षा जास्त राग याच गोष्टीचा येतो.

गाडी बघितली तेव्हा ताज्या रंगात चकाचक होती. हुडवर नाव, इंजिनावर कोहलरची पट्टी, मागे टिलरचे टायर. टायरचं काही नाही, इथे जे मिळतं तेच कुणीही घालील. दोरी ओढली की इंजिन सुरू होत होतं. मूळ यंत्रात स्टार्टर आणि डायनॅमो मिळून एकच भाग असतो आणि तो पट्ट्यावर चालतो, हे मी वाचलेलं होतं. तो भाग दिसला नाही म्हणून विचारलं, तर उत्तर तयार: ‘तोपण पुरातच गेला.’ दीड लाखावरून १ लाख १५ हजारांवर सौदा ठरला. १५ हजार इसार, मग थोडे ऑनलाइन, थोडे रोख. छोट्या हत्तीत घालून गाडी गुहागरला आली.

पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन. सरकारने व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी २० हजार आहे, आपली ओळख आहे, करून देतो. हे नियमसुद्धा खरे आहेत, जुलै २०२१ मध्येच आले, आणि नव्या नोंदणीची फी २० हजारच आहे. पण ते नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी आहेत, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या. ट्रॅक्टर त्यात बसतच नाही. शिवाय बाहेरून आलेल्या गाडीला कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीची पावती, जोडावी लागते, ती पुरात वाहून गेलेली! २० हजार त्याच्या खात्यात गेले. त्यापाठोपाठ स्टार्टर आणि गॅस्केट ‘अमेरिकेतून मागवायला’ २२ हजार. खरं तर कोहलरच्या त्या इंजिनांचे रिंग, गॅस्केट तिकडचे दुकानदार आजही टपालाने पाठवतात, आपण स्वतः कार्डाने पैसे भरून मागवू शकतो. मध्ये दलाल लागतोच कशाला?

भांडं फुटलं ते आमच्या फिटरमुळे. तो इंजिन उतरवायला बसला आणि पहिल्याच बोल्टला १७ नंबरचा पाना घट्ट बसला. जुन्या अमेरिकन यंत्राला सगळे बोल्ट इंचाचे. अर्धा इंच, नऊ सोळांश, पाच अष्टमांश, असे पाने लागतात. आपला १३चा पाना अर्ध्या इंचावर थोडा ढिला का होईना, चालून जातो. १९चा तर पाऊण इंचावर फिट बसतो, त्यामुळे एखाददुसऱ्या बोल्टवरून काहीच ठरत नाही. पण १७ असा हातमोज्यासारखा बसणं, तेही एकामागून एक बोल्टांवर, म्हणजे यंत्र मिलिमीटरच्या मापाचं, आपल्याकडचं. मग त्याने पेट्रोलच्या टाकीखालची तोटी दाखवली. तोटीला वरून दोन नळ्या, म्हणजे टाकीत दोन कप्पे, एक पेट्रोलचा आणि एक रॉकेलचा. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की रॉकेलवर टाकायचं.

‘भाऊ, हे पंपाचं विलियर्स इंजिन हाय. ह्येच्यावर आमच्या आज्यानं पोफळीचं शिंपणं केलंय.’

नंतर कानशीने रंग खरवडला. कोहलरची पट्टी नव्या पत्र्यावर कोरलेली, पॉप रिव्हेटने बसवलेली. मागचा डिफरन्शियल मालवाहू रिक्षाचा. हुड कुठल्यातरी पत्रेवाल्याकडून ठोकून आणलेलं, आतल्या बाजूला वेल्डिंगचे ताजे थेंब. काम मात्र सफाईदार, ते नाकारण्यात अर्थ नाही. एवढ्या कसबात त्याने खरोखर एखादा जुना टिलर उभा केला असता तर मी हसत पैसे मोजले असते.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा खरी मेख कळली. त्याने दिलेल्या पावतीवर लिहिलं होतं ‘जुने शेती अवजार, आहे त्या स्थितीत’. कब कॅडेट हे नाव नाही, साल नाही, इंजिनाचा नंबर नाही. सगळे मोठे दावे फोनवर केलेले, आणि व्हॉट्सअॅपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय पहिल्या दिवसापासून चालू. यंत्राच्या बाबतीत ‘हा दिवाणी मामला आहे’ असं सांगून ठाणे अंमलदार मोकळे झाले. नोंदणी आणि सुट्या भागांच्या पैशांचं मात्र वेगळं. काम करून देतो म्हणून पैसे घेतले आणि केलं नाही, याचे बँकेतले पुरावे आहेत. त्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४२० खाली, तक्रार घेतली गेली. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही नोंदवलं, पण तिथे पैसे गेल्यागेल्या फोन करावा लागतो. मी केला तोवर रक्कम त्या खात्यातून पुढे गेलेली होती.

तेव्हा कुणी तुम्हाला अमेरिकन गार्डन ट्रॅक्टर दाखवला तर पावतीवर मेक, मॉडेल, साल आणि इंजिन नंबर त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला कुरकुरला की तिथूनच परत फिरा. खिशात १७चा आणि नऊ सोळांशाचा, असे दोन पाने ठेवा. आणि शक्यतो रंग लावलेलं यंत्र घेऊच नका. आपल्या खाऱ्या वाऱ्यात साठ वर्षं काढलेल्या पत्र्यावर गंज असतोच आणि तो असावा. कुठे सांधा आहे, कुठे नवा तुकडा जोडलाय, ते गंजलेल्या पत्र्यावर दिसतं. नव्या रंगाखाली ते सगळं झाकलं जातं, आणि पुढे रंग काढायची मजुरीही आपल्याच माथी.

रायगडातल्या एका ओळखीच्यांना त्याने परवा फोटो पाठवले. आता गाडी हिरवी-पिवळी आहे आणि नाव ‘१९६३चा जॉन डिअर ११०’. त्या सालापासून तसा ट्रॅक्टर विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनला बनत होता हे खरंच आहे, म्हणजे गोष्टीचा पहिला भाग याही वेळी तपासून बरोबर निघेल. फोटो मोठा करून बघा. टाकीखालच्या तोटीला दोन नळ्या आहेत.